नाल्याकाठचं वावर, कोळशाची खाण आणि मे महिन्यातलं पाणी

प्रश्न: आमची वणी तालुक्यात नाल्याकाठी नऊ एकर शेती आहे. मी पुण्यात नोकरीला असतो, वावर बाबा आणि काका बघतात. जवळची ओपनकास्ट खाण आमच्या शिवेपर्यंत वाढणार आहे आणि त्यासाठी जनसुनावणी व्हायची आहे. अमेरिकेत नदी-नाल्याच्या खोऱ्यातली शेती कोळसा खाणीपासून वाचवणारा कायदा आहे असं वाचलं. त्या कसोटीवर आमची जमीन कशी तपासायची? आणि तपासली तरी इथे त्याचा उपयोग काय?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावरच बाकीची मेहनत करायची की नाही हे ठरतं. त्या कायद्याच्या जोरावर भारतात खाण अडवता येणार नाही. पण त्या कायद्याने जमीन तपासायची जी रीत घालून दिली, ती तुमच्या फार कामाची आहे. आपल्याकडे नाल्याकाठच्या जमिनीचं खरं मोल कागदावर कुठेच येत नाही, ते कागदावर आणायची ही रीत आहे. मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो. पुण्यात बसून अमेरिकेतल्या वायोमिंग आणि मोंटाना राज्यांतल्या खाणींच्या पाण्याचे अहवाल तपासलेत आणि वर्धा खोऱ्यातल्या खाणपट्ट्यातही फिरलोय, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी तो कायदा. ३ ऑगस्ट १९७७ ला जिमी कार्टर यांनी पृष्ठभागावरच्या कोळसा खाणकामाच्या कायद्यावर सही केली. त्यात १०० अंश पश्चिम रेखावृत्ताच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे कमी पावसाच्या अमेरिकेतल्या, नदीखोऱ्यांच्या तळजमिनींसाठी वेगळी तरतूद आहे. तिकडे चढावरच्या माळावर गुरं चरतात, पण हिवाळा काढायला लागणारं वाळलं गवत आणि लसूणघास पिकतो तो खोऱ्याच्या तळाशी, ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या चिंचोळ्या पट्ट्यात. तो पट्टा गेला की वरचा हजारो एकराचा माळही बिनकामाचा होतो. कायदा करणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं होतं.

व्याख्या थोडक्यात अशी: प्रवाहाने आणून टाकलेला सुटा गाळ, त्यातून वाहणारा प्रवाह, आणि शेतीला खालून ओल मिळेल किंवा पुराचं पाणी फिरवता येईल इतकं पाणी. उतारावरून घरंगळत आलेली माती, दरडीचा राडारोडा, वाऱ्याने आणलेली धूळ यांनी झाकलेली चढाची जमीन यात मुद्दाम वगळलेली आहे. जमीन या व्याख्येत बसली की परवाना मागणाऱ्या खाणीला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. एक, तिथली शेती थांबणार नाही, खंडित होणार नाही. दोन, त्या जमिनीला पाणी पुरवणाऱ्या भूपृष्ठावरच्या किंवा भूगर्भातल्या पाण्याचं प्रमाण आणि प्रत यांना मोठी इजा होणार नाही. दुसरी अट जास्त धारदार आहे. खाण तुमच्या धुऱ्याच्या आत आली नाही, अर्धा मैल लांब राहिली, तरी ती लागू होते.

अपवाद आहेतच. विकसित न केलेलं, शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचं नसलेलं कुरण सुटतं. इतकी लहान जागा की ती गेल्याने त्या शेताच्या एकूण उत्पन्नात नगण्य फरक पडेल, तीही सुटते. कायद्याच्या आधीपासून चालू असलेल्या खाणींनाही सवलत मिळाली. आणि हे संरक्षण फुकट मिळालं नाही. वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ टंग नदीच्या खोऱ्यात ज्यांचा कोळसा या तरतुदीमुळे जमिनीतच राहिला ते कोर्टात गेले. सरकारने आमची मालमत्ता घेतल्यासारखंच आहे हा त्यांचा दावा १९९१ मध्ये अपील कोर्टानेही मान्य केला, आणि सरकारला सुमारे ६ कोटी डॉलर आणि वर व्याज मोजावं लागलं. खोऱ्याच्या तळाशी शेती राखायची तर कोणाला तरी किंमत चुकवावी लागते. तिकडे ती सरकारने चुकवली. आपल्याकडे बहुतेक वेळा शेतकरी चुकवतो, तेही कोणी हिशेब न मांडता.

आपल्याकडचा कायदा बघू. सरकारी कंपनीसाठी कोळशाची जमीन साधारणपणे १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतली जाते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १० आहे, ज्यात ओलिताची बहुपीक जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी असं म्हटलंय. ते वाचून अनेकांना हुरूप येतो. पण त्याच कायद्याच्या कलम १०५ ने चौथ्या अनुसूचीतले १३ कायदे बाजूला ठेवले आणि त्यात हा १९५७ चा कायदा आहे. २०१५ च्या आदेशाने मोबदला, पुनर्वसन आणि सुविधांच्या अनुसूची त्यांना लागू झाल्या, कलम १० झालं नाही. म्हणून सुनावणीत कलम १० वर भाषण करण्यात वेळ घालवू नका. १९५७ च्या कायद्यात कलम ७ ची अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत कलम ८ खाली हरकत घेता येते, ती तारीख मात्र डोळ्यात तेल घालून सांभाळा.

आता मुख्य गोम. तुमच्या गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, ‘जलसिंचनाचे साधन’ हा रकाना बघा. नाल्याकाठच्या वावरात तो बहुधा कोरा असेल, कारण विहीर-मोटार असेल तरच तलाठी काही लिहितो. जमिनीतूनच येणारी ओल हे ‘साधन’ नाही, म्हणून जमीन कोरडवाहू. वार्षिक मूल्यदर तक्त्यात जिरायत आणि बागायत यांचे दर वेगळे असल्याने मोबदलाही कोरडवाहूचा. पर्यावरण अहवालातही ती ‘एकपीक, पावसावर अवलंबून’ या खान्यात जाते आणि खाणीने पाणी ओढलं तर तिचं काय होईल हा प्रश्नच उरत नाही. पावसावरच्या जमिनीला भूजलाशी काय देणंघेणं? गावात सगळ्यांना ठाऊक असतं की नाल्याच्या वावरात पाणी न देता फरदड (वेचणीनंतर तसाच ठेवलेला कापूस) उभी राहते आणि तुरीला शेवटपर्यंत जोर असतो, पण ते ठाऊक असणं पुराव्यात येत नाही. अमेरिकन पद्धत नेमकं हेच पुराव्यात आणते.

पहिली पायरी मातीची. जमीन खरोखर नाल्याने घडवलेली आहे की उतारावरून आलेली? शेतात नाल्याला काटकोनात एक रेघ धरा, काठापासून चढ सुरू होतो तिथपर्यंत. त्या रेघेवर चार-पाच ठिकाणी हाताने फिरवायच्या ऑगरने दोन-तीन मीटर खोल भोकं पाडा. वर काळी चिकण माती दोन्हीकडे सारखीच दिसेल, तिच्यावर जाऊ नका. खाली काय लागतं ते बघा. पोयटा, मग बारीक वाळू, मग गुळगुळीत गोटे, असे निवडून लावल्यासारखे थर लागले तर ते पाण्याचं काम. कोनदार खडे आणि मुरूम मातीत कसेही मिसळलेले निघाले तर ती उतारावरची माती. दर २० सेंटीमीटरची माती एका प्लास्टिकवर ओळीने मांडा, शेजारी टेप ठेवा, फोटो काढा. पुण्यात असताना डोळा तयार करायचा असेल तर एका रविवारी जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीला जाऊन या. तिथल्या गाळाच्या कड्यांमध्ये थर कसे बसतात ते उघड्यावर दिसतं. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या राखेसाठी ती जागा भूशास्त्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे, पण आपल्याला तिथे वाळू, गोटे आणि गाळ यांची मांडणी बघायची आहे.

त्याच रेघेवर उंचीही मोजा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या असतात, त्यात दोन मीटरची पायरी हरवते. आणि बहुधा त्या दोन मीटरवरच सगळं ठरतं: नाल्यालगतची खालची पायरी ओल धरते, वरची धरत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी पुरते, शिस्तीने नोंद ठेवली तर. नऊच्या नऊ एकरांवर दावा सांगण्याचा मोह होईल. होऊ देऊ नका. साडेतीन एकर खालच्या पायरीवर असतील तर साडेतीनच म्हणा. जास्तीचा दावा पहिल्याच तपासणीत पडतो आणि खरा भागही संशयात येतो.

दुसरी पायरी पाण्याची, आणि इथे बहुतेक अहवाल घसरतात, दोन्ही बाजूंचे. लोक डिसेंबर-जानेवारीत हिरवा हरभरा दाखवतात आणि म्हणतात, बघा, खालून ओल आहे. तो पुरावा नाही. चांगली भारी काळी माती मीटरभर खोलीत पिकाच्या कामाचं १५० ते २०० मिलिमीटर पाणी पावसाळ्यातून राखून ठेवते. हरभरा त्याच्यावर निघतो. नाल्यापासून दोन किलोमीटर लांब, टेकाडावरच्या काळ्या वावरातही तो तसाच हिरवा असतो. म्हणून तुलना लागते: तशीच माती, तेच पीक, शक्यतो तीच पेरणीची तारीख, पण नाल्यापासून दूर आणि उंचावर. आणि काळ लागतो मार्चच्या मध्यानंतरचा. साठवलेली ओल तोवर संपलेली असते. मार्चअखेर वरच्या वावराला भेगा पडून पऱ्हाटी वाळली आणि तुमच्या खालच्या पायरीवर ती मोटार न लावता पानं धरून आहे, तर पाणी खालून येतंय असं म्हणायला जागा आहे. फरदडीबद्दल एक सांगायला हवं: गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग ती ठेवू नका म्हणतो आणि ते बरोबर आहे. पुराव्यासाठी अख्खं वावर ठेवायची गरज नाही, बांधाकडेची चार तासं पुरतील. त्यापेक्षा लसूणघासाचा एखादा वाफा लावा. त्याची मुळं खोल जातात, गुरांना चाराही होतो.

झाडंही बोलतात. शिंदी, उंबर, करंज, जांभूळ, लव्हाळ्याची गच्च वाढ कुठवर येते ती रेघ नकाशावर आखा. पण तो दुय्यम पुरावा, त्याच्यावर भार टाकू नका.

खरा भार टाकायचा तो पाण्याच्या पातळीवर. तुमच्याकडे विहीर असेल तर तिच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. टेपच्या टोकाला खडू घासला की ओली रेघ स्पष्ट दिसते. मोजण्याआधी मोटार रात्रभर बंद हवी, शेजाऱ्याचीही. बोअरची पातळी मात्र यात धरू नका. तुमच्या भागात बोअर खालच्या गोंडवाना वालुकाश्मात जातो, तिथला दाब वेगळा आणि वरच्या गाळातली पातळी वेगळी. दोन्ही एकाच तक्त्यात घातलेले अहवाल मी पाहिलेत, त्यांतून काहीही सिद्ध करता येतं. विहीर नसेल किंवा ती चढाकडे असेल तर पिझोमीटर, म्हणजे फक्त पाण्याची पातळी मोजायची नळी, बसवा: दोन इंची पीव्हीसी पाइप, खालच्या मीटरभरात करवतीने पाडलेल्या बारीक फटी, भोवती धुतलेली बारीक खडी, वरचं तोंड चिकणमातीने आणि सिमेंटने बंद, म्हणजे पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने उतरणार नाही. एक नाल्याजवळ, एक वावराच्या मध्ये, एक चढाच्या पायथ्याशी. तीन झाले की पाणी कुठून कुठे जातं ते कळतं: चढाकडून नाल्याकडे, की नाल्यातून वावरात.

आता माझा आवडता भाग. पीक खरोखर भूजल पितंय हे थेट दाखवता येतं. १९३२ साली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणात काम करणाऱ्या व्हाइट यांनी यूटातल्या एस्कलांटे खोऱ्यात हे मांडलं. एप्रिल-मेच्या स्वच्छ दिवशी वावराच्या मधल्या पिझोमीटरमध्ये पातळी तासातासाला मोजा. सूर्य वर आला की झाडं ओढायला लागतात आणि पातळी उतरते, संध्याकाळी उतरण थांबते, आणि रात्री आजूबाजूने पाणी भरून येऊन ती थोडी चढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आलेखावर ही रोजची लाट दिसते. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात झाडं जवळपास निजलेली असतात, म्हणून त्या वेळचा चढ म्हणजे निव्वळ भरून येणाऱ्या पाण्याचा वेग.

समजा त्या चार तासांत पातळी ताशी ३ मिलिमीटर चढली. दिवसाचे झाले ७२. चोवीस तासांत एकूण पातळी १४ मिलिमीटर खाली गेली. बेरीज ८६. पाणी ज्या थरात हलतंय त्यातून खरोखर सुटणारं पाणी ६ टक्के धरलं तर ८६ गुणिले ०.०६, म्हणजे दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर. एवढं पाणी पीक खालून घेतंय. उन्हाळ्यातल्या पिकाच्या गरजेचा हा मोठा हिस्सा आहे. त्या टक्केवारीवर वाद होणार हे धरून चाला: सरासरीने चिकणमातीला २ टक्के, पोयट्याला ८, बारीक वाळूला २१ असे आकडे वापरले जातात, त्यामुळे ऑगरच्या भोकात त्या खोलीला कोणता थर लागला होता ते तुमच्या फोटोंत दिसायला हवं. आकड्यावर वाद झाला तरी लाटेवर होत नाही. आणि पीक कापल्यावर ती लाट विरली, तर त्याहून सरळ पुरावा मला माहीत नाही. पाइप काठावरच्या बाभळी-करंजांपासून लांब ठेवा, नाहीतर लाट झाडांची निघेल आणि समोरचा तज्ज्ञ तेच म्हणेल. तासातासाला टेप धरून उभं राहायचं नसेल तर पातळी आपोआप नोंदवणारा लॉगर भाड्याने मिळतो का ते एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारा.

खाण आधीच चालू असलेल्या भागात एक मोठा चकवा असतो. खाण खड्ड्यातलं पाणी उपसून नाल्यात सोडते. मग पूर्वी जानेवारीत आटणारा नाला बारमाही वाहतो, काठच्या विहिरी वर येतात, लोक खूशही असतात. त्या वेळी मोजलेली ओल ही जमिनीची नसून पंपाची असते. खाण पुढे सरकली किंवा बंद झाली की ती जाते. समोरची बाजू हे दोन्हीकडून वापरू शकते: तुमची ओल आमच्यामुळेच आहे असं म्हणून, किंवा बघा, खाणीने पाणी वाढतंच असं म्हणून. म्हणून खाण सुरू होण्याआधीचं चित्र शोधावं लागतं. लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या प्रतिमा १९८० च्या दशकापासूनच्या फुकट मिळतात, ३० मीटरच्या आहेत, पण साडेतीन एकरांचा पट्टा एप्रिलमध्ये हिरवा होता की नाही एवढं कळतं. २०१५ नंतर सेंटिनेलच्या १० मीटरच्या आहेत. प्रत्येक वर्षाची एप्रिलची एकच स्वच्छ प्रतिमा घ्या, तुमचा पट्टा आणि वरचं तुलनेचं वावर यांचा हिरवेपणाचा निर्देशांक काढा, आलेख मांडा. हे काम पुण्यातून शनिवार-रविवारी होण्यासारखं आहे. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा मोजल्या जातात. तुमच्या पाणलोटातल्या विहिरीच्या जुन्या नोंदी अर्ज करून मागवा.

हे सगळं झालं की जो प्रश्न विचारायचा तो लोक विचारतात त्याहून वेगळा आहे. लोक विचारतात, विहीर आटेल का? अहवाल म्हणतो, नाही आटणार, दोन-तीन मीटर खाली जाईल. आणि विषय संपतो. तुमच्या पिकाला विहिरीच्या तळाशी कर्तव्य नाही. मेमध्ये पातळी जमिनीपासून २.२ मीटरवर आहे असं धरा. तेव्हाच्या पिकाची मुळं दीड मीटरपर्यंत गेली, आणि पोयट्यात केशाकर्षणाने पाणी ७०-८० सेंटीमीटर वर चढतं. दोन्हींची बेरीज जेमतेम पाण्याला टेकते. पातळी फक्त एक मीटर उतरली की तो सांधा सुटतो. विहिरीत तीन पुरुष पाणी असेल, मोटार चालेल, आणि वावर मात्र कोरडवाहू झालेलं असेल. म्हणून तुमच्या निवेदनात ‘पाणी आटेल’ असं लिहू नका. ‘मे महिन्यातली पातळी एक मीटरने उतरली तर साडेतीन एकर जमिनीचा ओलावा तुटतो’ असं लिहा आणि शेजारी तक्ता जोडा.

पाण्याची प्रतही मोजून ठेवा, यात फार खोल जात नाही. खाण सुरू व्हायच्या आधीचे विद्युतवाहकता, सल्फेट, सोडियम, कॅल्शियम-मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे आकडे हवेत, पावसाआधी आणि पावसानंतर. अमेरिकन नियमांत पिकांच्या क्षारसहनशीलतेसाठी मास आणि हॉफमन यांच्या १९७७ च्या तक्त्याचा आधार घेतलाय. त्यात लसूणघासाचं उत्पन्न मातीच्या अर्काची वाहकता २ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घटायला लागतं, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. पण काळ्या जमिनीत क्षारांपेक्षा सोडियम घातक, जमीन चोपण होते ती त्यानेच. कापूस टिकतोय म्हणून निर्धास्त राहू नका.

मग येतात ओबीचे डंप, म्हणजे कोळशावरची माती-दगड काढून रचलेले ढीग. अमेरिकन नियमांत खोऱ्याच्या तळजमिनीचं काम चार क्रियापदांत सांगितलंय: पाणी गोळा करणं, साठवणं, त्याचा वेग आवरणं आणि शेतीला वापरता येईल असं ते पोहोचवणं. खाण जमिनीला हात न लावता यातली पहिली आणि तिसरी दोन्ही बिघडवू शकते. नाल्याच्या एका काठावर मातीचा डोंगर उभा राहिला की पूर दुसऱ्या काठावर चढतो, नाहीतर अरुंद झालेल्या पात्रातून वेगाने जात तळ खरवडतो. पात्र मीटरभर खोल गेलं की शेजारच्या गाळातलं पाणी नाल्याकडे निथळतं, म्हणजे पुन्हा तोच एक मीटर. ओढ्याची जागा दाबली की पाणी ती परत मागतं, हे पुणेकरांना २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने समजावलं; शहाणपण किती आलं हा वेगळा विषय. तुमच्या नाल्याच्या पात्राचे चार आडवे छेद आत्ताच मोजून, पक्क्या खुणांना बांधून ठेवा. पूर आला की तो कुठवर चढला त्याची खूण झाडावर रंगवा, तारखेसह फोटो घ्या.

महत्त्वाचा, पण शेतकरी सगळ्यात जास्त टाळतात तो भाग म्हणजे हिशेब. अमेरिकेत तळजमीन आहे एवढं पुरत नाही, ती त्या शेताच्या एकूण उत्पन्नात किती वाटा उचलते हे दाखवावं लागतं. तुमच्या नऊ एकरांपैकी साडेतीन एकर उन्हाळ्यात म्हशींचा चारा देतात म्हणून दूध चालू राहतं, दुधाचा पैसा खरिपाच्या बियाण्याला लागतो, असं काही असेल तर ती साखळी आकड्यांत मांडा. जिनिंगच्या काट्यावरच्या पावत्या, हरभरा विक्रीच्या पावत्या, दूध संकलनाची वही, पीक विम्याचे कागद, जितक्या वर्षांचे मिळतील तितके. ई-पीक पाहणी मोबाइलवर तुम्हीच भरता, तेव्हा उन्हाळी पीक असेल तर त्याची नोंद चुकवू नका, वावरातल्या फोटोसह. काकांना हे सगळं कशाला असं वाटेल. त्यांना नमुना १२ चा तो कोरा रकाना दाखवा.

जनसुनावणीकडे येऊ. पर्यावरण अहवालाचा मसुदा सुनावणीआधी किमान ३० दिवस बघायला खुला असतो आणि सारांश मराठीत मिळतो. सारांशावर भागवू नका, मूळ अहवालातलं भूजलाचं प्रकरण उघडा. तीन गोष्टी बघा. पातळ्या कोणत्या महिन्यांत मोजल्या? बहुतेकदा एकाच हंगामाचे, तीन महिन्यांचे आकडे असतात, आणि हिवाळ्यातल्या तीन महिन्यांत खालची ओल दिसूच शकत नाही, हे वर सांगितलंच. १० किलोमीटरच्या परिघात मोजलेल्या विहिरींपैकी गाळातल्या उथळ विहिरी किती? आणि पातळी उतरण्याचा अंदाज नाल्याकाठच्या पट्ट्यासाठी वेगळा काढलाय, की सगळ्या परिसराचा सरासरी आकडा दिलाय?

मागण्याही नेमक्या ठेवा. खड्डा आणि खालची पायरी यांच्यामध्ये गाळात पिझोमीटर, त्यांचे दर महिन्याचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर. मे महिन्यातली पातळी ठरावीक खुणेखाली गेली की उपसा कमी करायचा किंवा पर्यायी पाणी द्यायचं, ही खूण आकड्यात. नाल्यापासून डंपचं अंतर मीटरमध्ये. खाणीला उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो, २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे. तुमचे आकडे त्यांच्याकडेही पाठवा. जमीन घेतलीच जाणार असेल, तर हेच सगळे कागद मूल्यांकनाच्या वेळी ‘ही कोरडवाहू नाही’ म्हणायला उभे राहतात. त्या लढाईसाठी वकील लागेल, पण वकिलाला द्यायला हातात काहीतरी असेल.

वेळेचं गणित सांगतो. सुनावणी पावसाळ्याआधी असेल तर पूर्ण वर्षाचे आकडे होणार नाहीत. तरी विहिरीच्या मेमधल्या पातळ्या, ऑगरच्या भोकांचे फोटो आणि उपग्रहाचा आलेख एवढं महिन्याभरात होतं, आणि पूर्ण वर्षाची मोजणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये ही मागणी करायला ते पुरेसं आहे. निवेदन लेखी द्या, मराठीत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे सुनावणीआधीच, आणि पोच घ्या. सुनावणीत बोलायला काकांना उभं करा, तुम्ही नको. तुम्ही पुण्याहून आलेले, ते तिथले. त्यांच्या हातात एकच कागद द्या, मेच्या पातळ्यांचा. शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचा गोषवारा तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो होईपर्यंत मांडवातून हलू नका, आणि ‘ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली’ एवढंच वाचलं गेलं, तर तिथल्या तिथे उठून साडेतीन एकर, एक मीटर आणि मे महिना हे तिन्ही शब्द इतिवृत्तात घालून घ्या.